‘डीटूर’ (१९४५) : संग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा अजून पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या. खालच्या उत्तरांत कथानकातल्या मोठ्या घटना आल्या आहेत.

हा सिनेमा नेमका कोणता?

एडगर जी. उल्मर दिग्दर्शित, ६८ मिनिटांचा कृष्णधवल अमेरिकन गुन्हेपट. तो प्रोड्यूसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पीआरसी, या हॉलिवूडच्या तळच्या फळीतल्या कंपनीने काढला आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये तो लागला. न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स (टॉम नील) हॉलिवूडला गेलेल्या आपल्या प्रेयसीकडे, सूकडे, निघतो. खिशात दमडी नाही, म्हणून अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीने. ॲरिझोनात त्याला गाडीत घेणारा हॅस्केल (एडमंड मॅकडोनाल्ड) वाटेतच मरतो. पोलिसांना खरं वाटणार नाही या धास्तीने अल प्रेत झुडपात टाकतो आणि मेलेल्याची गाडी, कपडे, पैसे आणि नावही घेतो. पुढे तो ज्या मुलीला गाडीत बसवतो, ती व्हेरा (ॲन सॅव्हेज) नेमकी हॅस्केलला ओळखणारी निघते.

सगळी हकिकत अलच्याच तोंडून येते. दोन माणसं मेली, दोन्ही वेळा हाच जवळ होता आणि दोन्ही वेळा ‘मी काही केलं नाही’ असं हाच सांगतो. दुसऱ्यांदा पाहताना त्याच्या सांगण्यातल्या फटी दिसू लागतात. लोक या सिनेमाकडे पुन्हापुन्हा वळतात ते यामुळेच.

इतका चांगला सिनेमा इतकी वर्षं मागे का पडला?

पीआरसीचे सिनेमे बहुधा जोडखेळात, म्हणजे एका तिकिटावर दोन सिनेमे दाखवत त्यात, खालच्या जागेवर लागत. आठवडाभर चालायचे, मग डब्यात जायचे. मोठ्या वृत्तपत्रांचे समीक्षक त्यांच्याकडे फारसे फिरकत नसत. उल्मर स्वतः एकेकाळी युनिव्हर्सलमध्ये होता. तिथे स्टुडिओप्रमुखाच्या नात्यातल्या माणसाच्या बायकोशी त्याचं जुळलं, त्यांनी लग्न केलं आणि मोठ्या स्टुडिओंची दारं त्याला बंद झाली. त्यानंतर हाती आलं ते कमी पैशातलं काम, आणि तेही त्याने जीव ओतून केलं.

दुसरं कारण कायद्याचं. त्या काळच्या अमेरिकन नियमाप्रमाणे २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. इथे ते झालं नाही आणि सत्तरच्या दशकात सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. त्यामुळे तो जगला, कारण कुणीही तो टीव्हीवर दाखवू शके, कॅसेट काढू शके. पण त्याला वालीही उरला नाही. जो तो हाताला लागलेल्या प्रतीवरून पुढची प्रत काढत गेला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत त्याची निवड झाली, तरी बाजारात मिळणाऱ्या प्रती धुरकटच होत्या.

संग्राहकाने एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : ‘डीटूर’ची कोणतीही प्रत हातात आली की ती मूळ निगेटिव्हपासून कितव्या पिढीची आहे, हे आधी विचारायचं. बाकीचे प्रश्न नंतरचे.

तो सहा दिवसांत चित्रित झाला, हे खरं का?

उल्मरने स्वतः मुलाखतीत तसं सांगितलं आणि ती आख्यायिका चिकटली. नंतरच्या अभ्यासकांनी कागदपत्रं पाहिली तेव्हा चित्रीकरणाचे किमान १४ दिवस निघाले. तेही फार नाहीत. पैसे नव्हते याच्या खुणा पडद्यावर जागोजागी आहेत, आणि त्या पाहण्यासारख्याच आहेत. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, तर सगळीकडे धुकं सोडलं आणि अल आणि सू त्या धुक्यातून रस्त्यांच्या पाट्यांजवळून चालत जातात. गाडीतली बहुतेक दृश्यं मागच्या पडद्यावर रस्ता दाखवून घेतलेली आहेत. रस्त्याकडेच्या खाण्याच्या हॉटेलात अलच्या आठवणी सुरू होतात तेव्हा भोवतालचा प्रकाश ओसरतो आणि त्याच्या डोळ्यांवर तेवढा एक पट्टा राहतो. एका दिव्याने काम भागवलं आहे, पण तो दिवा कुठे लावायचा हे छायालेखक बेंजामिन क्लाइन यांना ठाऊक होतं.

माझ्या प्रतीत काही दृश्यांत गाडीचा चालक उजवीकडे बसलेला दिसतो. प्रत उलटी छापली आहे का?

नाही. मूळ सिनेमातच ती दृश्यं तशी आहेत. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला जाणारा माणूस पडद्यावर उजवीकडून डावीकडे, नकाशातल्या पश्चिमेकडे, जाताना दिसावा म्हणून अंगठा दाखवण्याच्या काही दृश्यांचं निगेटिव्ह उलटं करून छापलं. त्यामुळे अमेरिकेत गाड्या डावीकडून धावतात आणि अल भलत्याच दाराने आत शिरतो. आपण डावीकडूनच गाडी चालवतो, म्हणून मराठी प्रेक्षकाच्या हे चटकन लक्षातही येत नाही. अमेरिकन विक्रेत्याला मात्र ती ‘सदोष प्रत’ वाटू शकते. ज्या दृश्यांत पाट्यांवरची अक्षरं आहेत ती पाहा. ती सरळ वाचता येत असतील तर प्रत बरोबर आहे.

कोणती डिस्क घ्यावी?

क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची मार्च २०१९ ची ब्लू-रे. याला आज तरी दुसरा पर्याय आम्ही सुचवणार नाही. ती अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि द फिल्म फाउंडेशन यांनी केलेल्या ४के रिस्टोरेशनवरून काढली आहे. कामाचा मुख्य आधार होता बेल्जियमच्या सिनेमाथेक या फिल्मसंग्रहालयाकडची ३५ मिमी प्रत. तिच्यात चित्रावरच फ्रेंच आणि फ्लेमिश सबटायटल्स छापलेली होती. ती घालवण्यासाठी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडच्या दुसऱ्या प्रतीची मदत घेतली. हे काम कसं झालं यावर डिस्कमध्ये एक छोटा कार्यक्रम आहे. शिवाय उल्मरवरचा २००४ चा पूर्ण लांबीचा माहितीपट आणि रॉबर्ट पोलिटो यांचा लेखही आहे.

दुसरी कुठली प्रत पारखायची असेल तर तीन जागा पाहा. पहिली, धुक्यातला फेरफटका : चांगल्या प्रतीत धुक्याचे थर आणि त्यातले दिवे वेगळे दिसतात, वाईट प्रतीत नुसता पांढरा डाग. दुसरी, हॉटेलातला तो डोळ्यांवरचा प्रकाश : पिढ्या वाढल्या की कॉन्ट्रास्ट चढतो आणि बाकीचा चेहरा काळ्यात बुडून जातो. तिसरी जागा सगळ्यांत कडक. व्हेरा फोन घेऊन खोलीत कोंडून घेते, अल दाराबाहेरून वायर ओढतो, दार उघडतं तर ती मेलेली. मग कॅमेरा न तुटता खोलीभर फिरतो आणि एकेका वस्तूवर फोकस धरतो, सोडतो, पुढच्या वस्तूवर पुन्हा धरतो. अलचं डोकं ठिकाणावर नाही, हे एका शब्दाशिवाय कळतं. पाचव्या-सहाव्या पिढीच्या प्रतीत मुळात सगळंच अंधूक असतं, म्हणून फोकस गेला कधी आणि आला कधी हे समजतच नाही. तिथे तो शॉट फुकट जातो.

ती डिस्क भारतातल्या प्लेयरवर चालेल का?

साध्या प्लेयरवर बहुधा नाही, कारण ब्लू-रे जगाच्या ठरावीक विभागापुरत्या बांधलेल्या असतात. अमेरिकेतली क्रायटेरियन ब्लू-रे ए विभागाची असते, ब्रिटनसाठी निघणारी बी विभागाची आणि भारत सी विभागात येतो. विभागबंधन काढलेला प्लेयर लागतो. तो घेताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा : ब्लू-रे आणि डीव्हीडी या दोन्हींचं बंधन निघालंय का (पुष्कळ प्लेयरमध्ये फक्त डीव्हीडीचं निघालेलं असतं), आणि वीजपुरवठा २३० व्होल्टवर चालतो का. अमेरिकेतून आणलेला ११० व्होल्टचा प्लेयर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला तर पहिल्याच दिवशी जळतो. परदेशातून मागवताना डिस्कच्या किमतीवर टपाल, आयात शुल्क आणि कुरियरची हाताळणी फी चढते. घरपोच एकूण किती पडेल ते विचारूनच ऑर्डर द्या.

जुन्या स्वस्त डीव्हीडी आणि व्हीएचएस घेण्यासारख्या आहेत का?

पाहण्यासाठी नाहीत. सिनेमा कसकसा हातोहात फिरला, याचा पुरावा म्हणून काही जण मुद्दाम जमवतात आणि तो छंद रास्त आहे. कव्हरांवर भलतेच फोटो, नावांचे चुकीचे स्पेलिंग, हे सगळं त्यात सापडतं. घेताना डीव्हीडीची खालची बाजू पाहा. जांभळट झाक असेल तर ती कारखान्यात छापलेली नसून संगणकावर लिहिलेली डिस्क आहे, आणि तिचा रंगथर उष्णतेने व उन्हाने लवकर खराब होतो. स्वस्त व्हीएचएस अनेकदा फीत वाचवण्यासाठी मंद गतीवर भरलेल्या असत, म्हणून चित्र आणखी मऊ. अमेरिकन कॅसेटला एनटीएससी (अमेरिकन टीव्हीची चित्रपद्धत) चालवणारा व्हीसीआर लागतो. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवली तर व्हीसीआरची हेड खराब होतात आणि पुढची प्रत्येक कॅसेटही बाधते.

माझी प्रत ६५ मिनिटांची आहे. कापलेली असेल?

आधी ती पॅल, म्हणजे भारत-युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीची, आहे का ते पाहा. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा पॅलमध्ये २५ ने पळतो, म्हणून ६८ मिनिटांची ६५ आणि वर काही सेकंद होतात, आवाजही किंचित चढतो. एनटीएससी प्रत ६५ मिनिटांची असेल तर मात्र काहीतरी गळलं आहे. बहुधा रिळांच्या टोकाशी, कारण प्रोजेक्टरवर चढवताना-उतरवताना तिथेच फिल्म फाटते.

मूळ पोस्टर ओळखायचं कसं?

पोस्टरचे आकार ठरलेले असत. १९४५ चं अमेरिकन वन-शीट, म्हणजे नेहमीचं मोठं पोस्टर, २७ × ४१ इंच. हाफ-शीट २२ × २८, इन्सर्ट १४ × ३६, विंडो कार्ड १४ × २२. टेपने मोजा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. २४ × ३६ किंवा २७ × ४० म्हणजे जवळपास नक्कीच नंतरची छपाई.

मग घड्या. त्या काळी वन-शीट घडी घालूनच थिएटरला जात : तीन आडव्या, एक उभी, एकूण आठ चौकोन. कधीच घडी न पडलेलं १९४५ चं वन-शीट कुणी दाखवलं तर सावध व्हा. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाई झिजून कागदाचे तंतू दिसायला हवेत. बोट फिरवा. नकली प्रतींत घडीचं चित्र छापलेलं असतं, हाताला मात्र कागद गुळगुळीत लागतो.

दहापट भिंग घेऊन ठळक अक्षरांची कड पाहा. मूळ छपाईत अक्षरं सलग शाईची आणि कड स्वच्छ असते. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत अक्षरंही ठिपक्यांची होतात. ही एक कसोटी बाकी सगळ्यांना भारी आहे, कारण विक्रेत्याने फोटोत काहीही लपवलं तरी अक्षराचा जवळचा फोटो मागता येतो. देत नसेल तर विषय संपला.

नोटा तपासायची अतिनील टॉर्च बाजारात सहज मिळते. अंधारात ती कागदाच्या पाठीवर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर शंका घ्या, कारण कागदात पांढरेपणासाठी घालायची ती द्रव्यं साधारण १९५० नंतर रुळली. मात्र पोस्टर कापडावर चढवलेलं असेल तर पाठीचा नवा कागद चमकतो, मूळ नव्हे. तेव्हा पुढची बाजू तपासा.

खालच्या कोपऱ्यातला नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या प्रसिद्धीसाहित्य वाटणाऱ्या संस्थेचा क्रमांक, म्हणजे वर्षाचे शेवटचे दोन अंक, तिरकी रेघ आणि संख्या, असला तर उत्तम. नसला म्हणून पोस्टर खोटं ठरत नाही, कारण सगळं साहित्य त्या संस्थेमार्फत जात नव्हतं.

पोस्टर परवडत नाही. दुसरं काय जमवता येईल?

लॉबी कार्डं, म्हणजे थिएटरच्या दालनात लावायची छापील चित्रं, ११ × १४ इंच, जाड कागदाची, आठांचा संच : एक शीर्षक कार्ड, सात दृश्यं. सुटं कार्ड घेताना ॲन सॅव्हेज असलेल्या कार्डाची किंमत नेहमीच चढी राहणार, हे धरून चला. आणि ते रास्तच आहे. ती सिनेमाच्या मध्यावर येते आणि शेवटपर्यंत तो आपल्या मुठीत ठेवते. ८ × १० इंचांचे प्रसिद्धीचे फोटो त्याहून आवाक्यातले. त्यांच्या पाठीवर चिकटवलेला मजकूर किंवा वृत्तपत्राचा शिक्का असेल तर तो काढू-पुसू नका, तीच त्या फोटोची जन्मपत्रिका.

पुस्तकप्रेमींसाठी मार्टिन गोल्डस्मिथची १९३९ ची मूळ कादंबरी आहे. तिच्यात नायक अलेक्झांडर रॉथ नावाचा व्हायोलिनवादक आहे आणि प्रकरणं आळीपाळीने तो व सू सांगतात. पटकथाही गोल्डस्मिथनेच लिहिली. पहिल्या आवृत्तीत किमतीचा मोठा भाग वरच्या कागदी वेष्टनात असतो. वेष्टन दुसऱ्या प्रतीवरून आणून चढवलेलं नाही ना, हे पाहायला त्याच्या घड्या आणि पुठ्ठ्याच्या कडा जुळतात का ते तपासा.

१६ मिमी प्रत घ्यायची आहे. काय काय तपासावं?

लांबी आधी. १६ मिमी फिल्म मिनिटाला ३६ फूट जाते, म्हणजे ६८ मिनिटांना सुमारे २,४५० फूट. ती बहुधा दोन रिळांत असते. विक्रेता एकच १,६०० फुटी रीळ ‘पूर्ण सिनेमा’ म्हणून विकत असेल तर तो पूर्ण नाही.

डबा उघडताच वास घ्या. व्हिनेगरचा उग्र दर्प म्हणजे फिल्मचा ॲसिटेट या प्लॅस्टिकचा पाया कुजायला लागलाय. किती, ते एडी पट्टीने, म्हणजे आम्ल ओळखणाऱ्या कागदी पट्टीने, कळतं. निळी पट्टी डब्यात ठेवून झाकण लावा, घरच्या तापमानाला एक दिवस थांबा. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सुरुवात, पिवळी म्हणजे शेवटचा टप्पा. पट्टीच्या रंगमापावर १.५ ही पातळी गाठली की कुजणं स्वतःलाच वेग देत जातं. अशी प्रत घेऊच नका, आणि घरात असेल तर बाकीच्या रिळांपासून वेगळ्या खोलीत ठेवा.

आकुंचन मोजायला महागडं उपकरण लागत नाही. फिल्म सपाट टेबलावर, न ताणता, पट्टीशेजारी ठेवा आणि १०० छिद्रांचं अंतर मोजा. ताज्या फिल्मवर ते ७६२ मिमी येतं, छापील प्रतीत मिलिमीटरभर कमी-जास्त. साडेसात मिलिमीटर कमी भरलं तर एक टक्का आकुंचन झालं. इतकी आटलेली फिल्म साध्या प्रोजेक्टरवर चढवली की दात छिद्रात नीट बसत नाहीत, लूप सुटतो आणि छिद्रं फाटत जातात. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर निश्चिंत राहा. अधेमधे असेल तर प्रोजेक्टरवर न चढवता स्कॅन करून घ्या.

कडेवरची ईस्टमन कोडॅकची वर्तुळ-चौकोन-त्रिकोणांची खूण फिल्म कोणत्या वर्षी बनली ते सांगते. ती चिन्हं दर वीस वर्षांनी फिरून येत, म्हणून १९४५ आणि १९६५ ची खूण एकच. शिवाय निगेटिव्हच्या कडेची खूणही प्रतीवर छापून येते. प्रतीची स्वतःची खूण फिल्मवर गडद काळी असते. तेवढीच धरा.

३५ मिमी मूळ प्रत मिळाली तर?

१९४५ ची ३५ मिमी प्रदर्शन-प्रत नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्लॅस्टिकच्या पायावरची, असणार. कडेला तसं छापलेलंही असतं. ती घरी ठेवायची वस्तू नाही. नायट्रेट पेटलं की जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे वाळू टाकून, झाकून किंवा पाण्यात बुडवूनही ते विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा गेला आणि भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळाचं कधीही न भरून येणारं नुकसान झालं. त्यामुळे टपालाने मागवू नका, गाडीतून नेऊ नका. चिकट झालेली, बुडबुडे आलेली किंवा तपकिरी पूड सुटलेली रीळ हलवूही नका. जिथे आहे तिथूनच एखाद्या फिल्म आर्काइव्हशी संपर्क साधा. १६ मिमी फिल्म मात्र कोडॅकने सुरुवातीपासून सेफ्टी, म्हणजे सहज न पेटणाऱ्या, पायावरच काढली, तिथे ही भीती नाही.

आपल्या पावसाळ्यात कागद आणि फिल्म कशी सांभाळावी?

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते, कागदाला हवी ४५ ते ५५. एक आर्द्रतामापक कपाटात ठेवा आणि अंदाजाने काही करू नका. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. न वाळवलेली पुडी असून नसल्यासारखीच. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. ओल भिंतीतून येते आणि वाळवीही.

पोस्टर लॅमिनेट करू नका. आपल्याकडे जपायचं म्हणजे लॅमिनेशन, असा समज घट्ट आहे, पण उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक मूळ कागद फाडल्याशिवाय सुटत नाही आणि संग्राहकाच्या लेखी पोस्टरची किंमत त्याच क्षणी संपते. सेलोटेपही नको. दहा वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. पोस्टर पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, आडवं ठेवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातून सुटणारी द्रव्यं शाई धरतात. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी ठेवल्या जातात, पण त्यांची वाफही कागदाला आणि प्लॅस्टिकला चांगली नाही. त्यापेक्षा दर महिन्याला कपाट उघडून पाहणं कामाचं. फ्रेम करायची तर काच कागदाला टेकता कामा नये. मधे जाड पुठ्ठ्याचा माउंट हवा, नाहीतर दमट हवेत शाई काचेला चिकटते.

कापडावर चढवून घेताना एकच प्रश्न विचारा : खळ कोणती? गव्हाच्या पिठाची, पाण्याने सुटणारी असेल तर हो म्हणा. गरम प्रेसने चिकटवणार असतील तर पोस्टर उचलून परत घरी आणा.

पार्सल आल्यावर लगेच उघडावं का?

विमानातून किंवा वातानुकूलित गोदामातून आलेलं पार्सल घरच्या दमट हवेत लगेच फोडलं तर गार कागदावर आणि फिल्मवर दव धरतं. सहा-सात तास ते बंदच राहू द्या, मग उघडा. उघडताना मोबाइलवर न थांबता व्हिडिओ काढा : आधी चारही बाजू, मग टेप कापताना, मग आतली वस्तू. नळीतून आलेलं पोस्टर झाकण उघडून ओढू नका. नळी आडवी धरून आतून हलके सैल करा, कारण सगळ्यांत बाहेरची कड नळीच्या ओठावर अडकून तिथेच फाटते.